रबरावर उभी असलेली शाळा

नव्या फ्लॅटच्या जाहिरातीत हल्ली एक ओळ हमखास असते: ‘८ रिश्टरपर्यंत भूकंपरोधक’. वाचून बरे वाटते, पण तिला अर्थ जवळजवळ नाही. रिश्टरचा आकडा सांगतो तो भूकंपाच्या उगमाशी किती ऊर्जा मोकळी झाली एवढेच. तुमच्या सोसायटीखालची जमीन किती जोरात हलणार, हे ठरते उगम किती दूर आहे, किती खोल आहे आणि मधली माती कशी आहे यावर. मग इमारतीची स्वतःची तऱ्हा असतेच. बाल्कनमधल्या स्कोप्ये शहराने याची फार मोठी किंमत मोजली आहे.

२६ जुलै १९६३, पहाटेचे ५ वाजून १७ मिनिटे. स्कोप्ये तेव्हा युगोस्लाव्हियातल्या मॅसेडोनिया प्रजासत्ताकाची राजधानी होते. भूकंपाचे परिमाण (बोलीभाषेतले ‘रिश्टर’) ६.१. भूकंपशास्त्राच्या हिशेबात हा मध्यमच म्हणायचा. २०१५ च्या नेपाळमधल्या ७.८ च्या भूकंपात याच्या साधारण साडेतीनशे पट ऊर्जा बाहेर पडली होती. पण स्कोप्येचा भूकंप शहराच्या जवळजवळ पायाखालीच झाला, तोही उथळ. १,०७० माणसे गेली, लाखाहून जास्त बेघर झाली आणि सुमारे तीन चतुर्थांश शहर राहण्याजोगे उरले नाही. आपल्या किल्लारीचा १९९३ चा भूकंपही साधारण याच परिमाणाचा, ६.२ चा. तिथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि दहा हजारांच्या आसपास बळी गेले. आकडे शेजारचे, संहार मात्र वेगळा, कारण घरे वेगळी.

स्कोप्येच्या घातक इमारती म्हणजे विटांच्या भारवाही, म्हणजे वरचे सगळे वजन स्वतः पेलणाऱ्या, भिंतींची बहुमजली घरे. वीटकाम दाब उत्तम सोसते, ताण (म्हणजे ओढ) मात्र अजिबात नाही. जमीन आडवी हलू लागली की भिंतीत तिरका ताण येतो आणि तिला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडे जातात. इंग्रजी एक्स अक्षरासारखे हे तडे कुठल्याही भूकंपग्रस्त गावाच्या फोटोत दिसतील. जुन्या रेल्वे स्थानकाचा एक भाग कोसळला. उरलेल्या भागात आज शहराचे संग्रहालय आहे आणि दर्शनी भिंतीवरचे घड्याळ ५.१७ वरच ठेवले आहे.

पुढची हकिकत राजकारणाच्या अभ्यासकांना जास्त आवडते. ऐन शीतयुद्धात अमेरिकी आणि सोव्हिएत लष्कराची पथके एकाच शहरात मदतीला आली. सोव्हिएत संघाने काँक्रीटच्या तयार पट्ट्यांपासून घरे उभारायचा अख्खा कारखानाच भेट दिला. पिकासोने नव्या कला संग्रहालयासाठी चित्र दिले. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली नियोजन झाले, त्याची सूत्रे वॉर्साच्या पुनर्बांधणीतून तावून निघालेल्या अडॉल्फ चिबोरोव्स्कींकडे होती. १९६५ मध्ये मध्यवर्ती भागाच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली. पहिल्या पारितोषिकाचा ६० टक्के वाटा जपानच्या केंझो तांगेंना आणि ४० टक्के झाग्रेबच्या वास्तुरचनाकारांना मिळाला. शहराच्या मध्याभोवती तटबंदीसारखी उभी असलेली घरांची रांग आणि खांबांवर उचललेले रेल्वे स्थानक ही त्या आराखड्याची दिसणारी फळे. बरेचसे कागदावरच राहिले.

मला मात्र या साऱ्या शहरात भुरळ पडते ती एका तीन मजली प्राथमिक शाळेची. स्वित्झर्लंडच्या मदतीने १९६९ मध्ये बांधलेली ही पेस्टालोझी शाळा पायावर थेट उभी नाही. पाया आणि इमारत यांच्यामध्ये रबराचे ठोकळे आहेत. भूकंपापासून वाचवण्यासाठी रबरावर उभी केलेली ही जगातली पहिली इमारत मानली जाते.

यामागचे गणित सुंदर आहे. प्रत्येक इमारतीला एक नैसर्गिक आवर्तनकाळ असतो, म्हणजे तिला बाजूने ढकलून सोडले तर एक पूर्ण हेलकावा घ्यायला लागणारा वेळ. ढोबळमानाने मजल्यामागे एक दशांश सेकंद धरा. तीन मजल्यांची शाळा म्हणजे ०.३ सेकंद. अडचण अशी, की कठीण जमिनीवर भूकंपाच्या हादऱ्यांचा जोर नेमका एक सेकंदाच्या आतल्या आवर्तनांमध्ये एकवटलेला असतो. जमिनीची लय आणि इमारतीची लय जुळली की प्रत्येक हेलकाव्यात भर पडत जाते. हा अनुनाद.

जमिनीची लय आपल्या हातात नाही, इमारतीची आहे. आवर्तनकाळ हा वस्तुमान भागिले ताठपणा याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ०.३ सेकंदाचे २ सेकंद करायचे तर काळ साडेसहा पटींहून थोडा जास्त वाढवायचा, म्हणजे ताठपणा सुमारे पंचेचाळिसाव्या हिश्शावर आणायचा. खांब तितके लवचीक करणे वेडेपणाचे. मग सगळा मऊपणा एकाच थरात, पायालगत, आणून ठेवायचा. जमीन खाली सटासट हलते, रबर तिरके होते आणि वरची इमारत जवळजवळ अखंड ठोकळ्यासारखी सावकाश झुलते. तिच्या भिंतींत ताण फारसा पोहोचतच नाही.

पण रबराची एक खोड आहे. खोडरबर दोन बोटांत दाबून पाहा: उंची कमी होते आणि पोट बाहेर येते. रबराचे आकारमान जवळजवळ बदलत नाही, ते फक्त जागा बदलते. पेस्टालोझी शाळेचे ठोकळे निव्वळ रबराचे होते. इमारतीच्या वजनाने त्यांची पोटे सुटली. शिवाय ते उभ्या दिशेनेही आडव्याइतकेच मऊ, त्यामुळे मोठ्या धक्क्यात शाळा नुसती सरकली नसती, उसळली आणि डुललीही असती.

यावरचा उपाय म्हणजे लोखंडी पत्रे. दहा सेंटिमीटरच्या ठोकळ्याऐवजी अर्ध्या सेंटिमीटरचे वीस थर घ्यायचे, प्रत्येक दोन थरांमध्ये पोलादाचा पत्रा चिकटवायचा. पत्रा रबराला बाहेर फुगू देत नाही. उभा ताठपणा शेकडो पटींनी वाढतो. आडवा मात्र तसाच राहतो, कारण तिरके होण्याच्या दिशेला रबराची एकूण जाडी तेवढीच असते. एका दिशेने खडक, दुसऱ्या दिशेने लोणी, तेही एकाच वस्तूत! पुढे न्यूझीलंडच्या विल्यम रॉबिन्सन यांनी मधोमध शिशाची दांडी घातली. शिसे आकार बदलताना ऊर्जा खाते, त्यामुळे झुलणारी इमारत लवकर थांबते. २००१ च्या भूकंपात जमीनदोस्त झालेल्या भूजच्या सरकारी रुग्णालयाची नवी इमारत अशाच शिसे-रबराच्या आधारांवर उभी आहे. स्कोप्येत भूकंपानंतर, १९६५ मध्ये, भूकंप अभियांत्रिकीची संस्था निघाली. पेस्टालोझी शाळेचे जुने ठोकळे काढून २००७ मध्ये नवे आधार बसवले गेले.

  

रबर म्हणजे संजीवनी नव्हे, हेही खरे. वीस मजली टॉवरचा आवर्तनकाळ मुळातच दोन सेकंदांच्या घरात असतो, त्याला याचा लाभ कमी. आणि जमीनच मऊ असली तर डाव उलटतो. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीच्या काही भागांत जुन्या तलावाचा गाळ दोन सेकंदांच्या लयीत डोलला आणि मधल्या उंचीच्या इमारती सर्वाधिक पडल्या. आपली तीन मजली शाळा दोन सेकंदांवर नेऊन तिथे ठेवली असती तर अनुनादाच्या तोंडी आयती दिली असती.

शिवाय झुलणाऱ्या इमारतीला झुलायला जागा लागते. चारी बाजूंनी काही इंचांपासून फुटाभरापर्यंतची फट कायम मोकळी ठेवावी लागते; पाण्याचे नळ, ड्रेनेज, विजेच्या केबल सगळे तेवढे हलू शकेल असे जोडावे लागते. साइड मार्जिनमध्ये पत्र्याची शेड टाकून स्कूटर लावणाऱ्या आपल्या सोसायट्यांत ही फट किती वर्षे मोकळी राहील, याचा अंदाज जाहिरातदारांनी जरूर छापावा.