तुरुंगातील शिक्षेची न्यायालयीन पडताळणी: पार्श्वभूमी

धुळ्याच्या तुरुंगाचे नाव निघाले की खान्देशात १९३२ साल आठवते. त्या वर्षी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी तेथे दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. त्याच भिंतींआड शिस्तीचा कायदा मात्र १८९४ च्या कारागृह अधिनियमाचा होता. त्याच्या कलम ४५ मध्ये तुरुंगातील अपराध सांगितले आहेत आणि कलम ४६ मध्ये ताकिदीपासून माफीचे दिवस (शिक्षेतून मिळालेली सूट) कापणे, बेड्या, एकांत कोठडी आणि फटक्यांपर्यंतच्या शिक्षा. चौकशी अधीक्षकाने करायची, निर्णय त्यानेच द्यायचा आणि शिक्षाही त्यानेच ठोठवायची. गंभीर प्रकरण दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे की नाही, हेसुद्धा कलम ५२ नुसार तोच ठरवी. या साखळीत कैद्याला दाद मागायला जागाच ठेवलेली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र लगेच पालटले नाही. पहिला ठळक बदल एका मराठी हस्तलिखितामुळे झाला. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या एका लेखकाला अणुविज्ञानावरचे आपले पुस्तक छापण्यासाठी बाहेर पाठवायचे होते आणि सरकारने परवानगी नाकारली. स्थानबद्धतेच्या अटींत ज्याला मनाई नाही, ते अधिकाऱ्यांनी रोखू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ठरवले. प्रश्न शिक्षेचा नव्हता, तरी तुरुंगाच्या दारातून कायदा आत शिरू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

खरे वळण सुनील बत्रा या कैद्याच्या दोन प्रकरणांतून आले. १९७८ मध्ये एकांतवास आणि बेड्या यांचा प्रश्न न्यायालयापुढे होता. दुसऱ्या प्रकरणाचा आरंभ एका पत्राने झाला. दिल्लीच्या तिहार तुरुंगातील एका वॉर्डरने (पहारेकऱ्याने) दुसऱ्या कैद्याचा, त्याच्या नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी, अमानुष छळ केल्याचे बत्राने न्यायालयाला कळवले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. २० डिसेंबर १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी घालून दिलेला दंडक आजही या विषयाचा कणा आहे: एकांत कोठडी, सक्तीची वाढीव मेहनत, सवलती काढून घेणे किंवा शिक्षेसारखी दुसऱ्या तुरुंगात बदली, यांपैकी काहीही सत्र न्यायाधीशांच्या पडताळणीवाचून करू नये, तातडीमुळे आधी कळवणे अवघड असेल, तर कारवाईनंतर दोन दिवसांत कळवावे. योगायोग असा की इंग्लंडमध्येही त्याच सुमारास हल तुरुंगातील दंगलीनंतर दिलेल्या शिक्षा न्यायालयीन तपासणीच्या कक्षेत आल्या. तेथे मात्र कैद्याने न्यायालय गाठायचे होते. आपल्याकडे न्यायाधीशांना कळवण्याची जबाबदारी तुरुंगावर आली, आणि निरक्षर, गरीब कैद्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

पडताळणी का हवी, याचे उत्तर १९८० च्या राजस्थानातील प्रकरणात सापडते. तेथे कैद्यांना आठ ते अकरा महिने एकांतात ठेवले होते आणि कारणे होती तुरुंगात रेंगाळणे, उद्धट वागणे, स्वतःचे हिस्ट्री तिकीट (कैद्याच्या नोंदींचा कागद) फाडणे. एवढ्या क्षुल्लक कारणांवर एवढी शिक्षा न्यायालयाला मान्य झाली नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न बहुधा पॅरोल आणि फर्लो या कैद्याला मिळणाऱ्या तात्पुरत्या रजांच्या निमित्ताने उभा राहतो. राज्याने अधिनियमात घातलेल्या कलम ४८-अ नुसार रजेच्या अटी पुरेशा कारणाविना मोडणे हा तुरुंगातील अपराध ठरतो, आणि त्याबद्दल माफीचे दिवसही कापता येतात. पण त्याआधी कैद्याचा खुलासा घ्यावा लागतो. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावर आजारी वडिलांपाशी थांबलेला माणूस उशिरा परतला, तर पुरेसे कारण होते की नाही, हा सारा निवाडा त्या खुलाशावर अवलंबून असतो. माफीचा कापलेला प्रत्येक दिवस म्हणजे आणखी एक दिवस कैद असते, म्हणून ही कागदी बाब समजून सोडून देता येत नाही.

धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयांत सत्र न्यायाधीश आहेत आणि उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठही या तीन जिल्ह्यांसाठी आहे. तरीही न्यायाधीशांपुढे जे येते ते शिक्षा नोंदवहीतील चार ओळींचे टिपण. सातपुड्यातील कैदी पावरी किंवा भिली बोलतो आणि खुलासा मराठीत, अनेकदा ठरावीक साच्यात लिहिला जातो. माझ्या मते पडताळणीची खरी कसोटी येथेच आहे: खुलासा त्याच्या बोलीत विचारला गेला का, लिहिलेले त्याला वाचून दाखवले का, आणि मगच अंगठा घेतला का, हे सत्र न्यायाधीशांनी विचारले पाहिजे.