श्रवणयंत्र-समायोजन : दूरस्थ व प्रत्यक्ष

अंकीय श्रवणयंत्राची ध्वनिवाढ, कमाल पातळी व गोंगाट दाबण्याची मात्रा वापरणाऱ्याच्या श्रवणदोषाशी जुळवण्याच्या प्रक्रियेस समायोजन म्हणतात. ते दवाखान्यात ऑडिओलॉजिस्टसमोर (श्रवणतज्ज्ञासमोर) होते, किंवा यंत्र ब्लूटूथने मोबाइलला जोडून इंटरनेटवरून. दूरस्थ समायोजनाचे दोन पोटभेद आहेत. पहिल्यात व्हिडिओ कॉल चालू असतानाच बदल केला जातो. दुसऱ्यात तज्ज्ञ सवडीने नवी मांडणी पाठवतो आणि वापरणारा ती ॲपमधून उतरवून घेतो.

उगम : दूरस्थ समायोजन कधी सुरू झाले याविषयी एकमत नाही. यंत्राची मांडणी संगणकाने बदलता येणे ही यातली पूर्वअट होय. त्याआधी यंत्रावरचे बारीक स्क्रू पेचकसाने फिरवून आवाज जुळवला जाई. संगणकाने मांडता येणारी यंत्रे 1980 च्या दशकात आली. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना सामाईक असलेली ‘नोआ’ ही संगणकप्रणाली 1990 च्या दशकात रुळली, आणि वायडेक्स कंपनीचे ‘सेन्सो’ व ऑटिकॉन कंपनीचे ‘डिजिफोकस’ ही पूर्ण अंकीय यंत्रे 1996 च्या सुमारास बाजारात आली. काही लेखक दूरस्थ समायोजनाची सुरुवात अमेरिकेतील ईस्ट कॅरोलायना विद्यापीठात ग्रेग गिव्हन्स यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतलेल्या कामापासून मानतात. मात्र तो इंटरनेटवरून श्रवणचाचणी घेण्याचा प्रयत्न होता. डॅलसमध्ये बसून प्रिटोरियातील व्यक्तींची श्रवणपातळी मोजण्याचा, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला स्वानेपूल व सहकाऱ्यांचा अभ्यासही चाचणीचाच. स्पेनमधील रामोस व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दुरून प्रोग्रॅमिंग केल्याचे नोंदवले, पण ते कॉक्लियर इम्प्लांटचे, म्हणजे शस्त्रक्रियेने अंतर्कर्णात बसवलेल्या यंत्राचे. तिथे विजेचा प्रवाह थेट श्रवणमज्जातंतूला जातो, कानाच्या नळीतल्या ध्वनिदाबाचा प्रश्नच येत नाही. म्हणून नेहमीच्या श्रवणयंत्रांपुरता ब्राझीलमधील कांपोस व फेरारी यांचा 2012 चा अभ्यास आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक ठरते. त्यात रुग्णाजवळ प्रशिक्षित साहाय्यक होता आणि नळीतला ध्वनी मोजण्याची सोयही होती. या दोन्हींवाचून घरबसल्या बदल करण्याची पद्धत कंपन्यांच्या ॲपमधून 2016 च्या सुमारास आली. आज ‘दूरस्थ’ म्हणून विकली जाते ती बहुतांशी हीच, आणि 2012 च्या अभ्यासाचा आधार तिला सरसकट लावता येत नाही.

मापन : दोन पद्धतींतील खरा फरक अंतराचा नसून मापनाचा आहे. ऑडिओग्रामवरून (श्रवणचाचणीच्या आलेखावरून) कोणत्या कंप्रतेला किती वाढ द्यायची हे सूत्राने ठरते. अशा सूत्रांपैकी ऑस्ट्रेलियातील नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचे ‘नॅल-एनएल2’ आणि कॅनडात मुख्यतः मुलांसाठी विकसित झालेले ‘डीएसएल’ प्रचलित आहेत. सूत्राने मागितलेली वाढ कानाच्या पडद्यापाशी पोहोचते का, हे कानाच्या नळीच्या आकारावर, कानात बसवायच्या साच्याच्या बसण्यावर आणि त्यातल्या हवेच्या छिद्राच्या व्यासावर अवलंबून असते. प्रौढांत नळी सुमारे 2.5 सेंमी. लांब असते. तान्ह्या मुलांत ती इतकी लहान असते की त्याच यंत्रातून कितीतरी अधिक ध्वनिदाब निर्माण होतो. दवाखान्यात एक बारीक सिलिकॉनची नळी पडद्यापासून साधारण 5 मिमी. अंतरापर्यंत सरकवून हा दाब प्रत्यक्ष मोजतात. आझ व मूर यांच्या 2007 च्या अभ्यासात संगणकाने सुचवलेली पहिली मांडणी 64 टक्के कानांत किमान एका कंप्रतेला सूत्राच्या लक्ष्यापासून 10 डेसिबलांहून अधिक ढळली होती. मोजून दुरुस्त केल्यावर बहुतेक कान मर्यादेत आले. (हे मापन न करताच यंत्र देणारी दुकाने थोडी नाहीत. तिथे ‘प्रत्यक्ष’ भेटीचा फायदा निम्मा उरतो.)

मापनाच्या वेळी वाजवला जाणारा आंतरराष्ट्रीय भाषणसंकेत सहा भाषांतील स्त्रीआवाजांचे तुकडे जोडून बनवलेला आहे : अमेरिकन इंग्रजी, अरबी, चिनी, फ्रेंच, जर्मन व स्पॅनिश. भारतीय भाषा त्यात नाही. तथापि बर्न व सहकाऱ्यांनी 1994 मध्ये अनेक भाषांचे सरासरी ध्वनिपट (कोणत्या कंप्रतेला किती ऊर्जा असते ते) तपासले. त्यांत सिंहली ही मराठीप्रमाणेच आर्यकुलातील भाषा होती, आणि फरक किरकोळ निघाले. त्यामुळे मराठीसाठी हा संकेत चालावा, असे मानण्यास हरकत नाही. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ या नेहमीच्या तक्रारीमागे ‘स’सारख्या व्यंजनांची उच्च कंप्रतेतील ऊर्जा कानी न पोहोचणे हे कारण बहुधा असते, आणि पहिली मांडणी कमी पडते तीही बहुतेकदा तिथेच.

दुरून काय साधते : भांड्यांचा आवाज टोचणे, स्वतःचा आवाज घुमणे, समारंभात गोंधळ होणे अशा तक्रारी जिथे उद्भवतात तिथेच ऐकून सोडवता येतात. दवाखान्याच्या शांत खोलीत त्या आठवून सांगाव्या लागतात. याउलट कानातला मळ, रिसीव्हर (यंत्राचा ध्वनिक्षेपक) तुंबणे किंवा सैल साच्यामुळे शिट्टी वाजणे यांवर सॉफ्टवेअरचा उपाय नाही. वाढ कमी केली की शिट्टी थांबते, पण ऐकूही कमी येते. लहान मुलांचे व दोन कानांत मोठी तफावत असलेल्यांचे पहिले समायोजन प्रत्यक्षच व्हावे, याकडे तज्ज्ञांचा कल आहे. पुढचे बारीक फेरफार दुरून करण्यास फारसा विरोध दिसत नाही.

भारत : श्रवणशास्त्राचे पदवीशिक्षण 1960 च्या दशकात मुंबईचे नायर रुग्णालय व म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था येथे सुरू झाले. वांद्रे येथील अली यावर जंग संस्था 1983 ची. मार्च 2020 मधील दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी होती. ऑडिओलॉजिस्टांची नोंदणी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे, 1992 च्या कायद्यान्वये होते, त्यामुळे ती तत्त्वे त्यांना उद्देशून नव्हती.