दात खाण्यावरील बोट्युलिनम इंजेक्शन

झोपेत किंवा जागेपणी नकळत दातांवर दात घासण्याच्या किंवा घट्ट आवळून धरण्याच्या सवयीवर जबडा मिटणाऱ्या स्नायूंचा जोर काही महिन्यांपुरता कमी करणारा उपचार. या सवयीला वैद्यकीय भाषेत ब्रुक्सिझम म्हणतात. घरोघरी ‘झोपेत दात खातो’ एवढेच म्हटले जाते. इंजेक्शनात बोट्युलिनम टॉक्सिन प्रकार ए असते. ‘बोटॉक्स’ हे त्याच्या एका उत्पादनाचे नाव, पण डालडासारखे तेच सगळ्यांना चिकटले आहे.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूच्या विषाचा शुद्ध केलेला, अत्यल्प मात्रेत वापरला जाणारा अंश म्हणजे हे औषध. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडले की स्नायू आकुंचन पावतो. ते बाहेर पडण्यासाठी लागणारे स्नॅप-२५ नावाचे प्रथिन हे औषध तोडते. मेंदूचा हुकूम तंतूच्या टोकापर्यंत येतो आणि तिथेच अडतो. उपचाराची ताकद आणि मर्यादा दोन्ही यातच आहेत. दात खाण्याचा हुकूम मेंदूतून, झोपेतल्या छोट्या अर्धजागृतींच्या वेळी निघतो आणि इंजेक्शनानंतरही तो निघतच राहतो. झोपेत स्नायूंची विद्युत नोंद घेऊन केलेल्या अभ्यासात दात आवळण्याच्या झटक्यांची संख्या फारशी घटलेली दिसली नाही. घटला तो प्रत्येक झटक्याचा जोर. म्हणून ‘दात खाणे बंद करणारे इंजेक्शन’ ही जाहिरात चुकीची आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८९ मध्ये हे औषध तिरळेपणा व पापण्यांच्या आकडीसाठी मंजूर केले. पुढच्याच वर्षी, १९९० साली, मेंदूला इजा झालेल्या रुग्णाच्या तीव्र दात खाण्यावर ते वापरल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९९४ मध्ये फुगलेल्या मॅसेटर, म्हणजे गालातल्या चावण्याच्या स्नायूवरील वापराची वर्णने आली, आणि पुढे चेहरा निमुळता करण्याच्या सौंदर्योपचारांनी हीच जागा उचलली. ह्यूस्टन येथे झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुहेरी अंध चाचणीत (कोणाला खरे औषध मिळाले हे रुग्णालाही माहीत नसते आणि डॉक्टरलाही) २३ जण होते. औषध मिळालेल्यांना प्रत्येक मॅसेटरमध्ये ६० व प्रत्येक टेम्पोरॅलिसमध्ये (कानशिलावरच्या चावण्याच्या स्नायूत) ४० याप्रमाणे एकूण २०० युनिट दिले गेले. त्यांना आराम जास्त वाटला, पण दोघांचे हसू बदलले. चाचणी चांगली, मात्र तेवीस माणसांवर फार मोठा निष्कर्ष उभा राहत नाही. अमेरिकेत दात खाण्यासाठी या औषधाला स्वतंत्र मंजुरी नाही. डॉक्टर ते मंजूर उपयोगांबाहेर वापरतात आणि रुग्णाला तसे स्पष्ट सांगणे अपेक्षित असते.

हा पहिला उपाय नव्हे. सकाळी उठल्यावर जबडा आणि कानशिले दुखणे, दातांचे माथे सपाट होणे, भराव किंवा कॅप वारंवार तुटणे, जिभेच्या कडेला दातांचे ठसे आणि गालाच्या आत पांढरी रेघ, ही लक्षणे नाईट गार्ड (रात्री दातांवर बसवायचे आवरण), झोपेची शिस्त, रात्रीची दारू आणि कॉफी कमी करणे यांनी आटोक्यात येत नसतील तर इंजेक्शनाचा विचार होतो. त्याआधी औषधांची यादी पाहावी: फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन यांसारखी नैराश्यावरची औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांत दात खाणे सुरू होऊ शकते. तिथे सुईपेक्षा मात्रा बदलण्याचा किंवा औषध पालटण्याचा उपयोग जास्त, तोही मनोविकारतज्ज्ञाला विचारूनच. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाची स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या विकारासाठी, तपासणी आधी व्हावी. आंबट पेये किंवा सततची आम्लपित्ताची उलटी यांनीही दात झिजतात, पण ती झीज गुळगुळीत व खोलगट असते. दात खाण्याची झीज सपाट असते आणि वरखालचे सपाट भाग एकमेकांवर बरोबर बसतात. मुले दात खातात ते जंतांमुळे, ही आपल्याकडची जुनी समजूत. तिला भक्कम आधार नाही. मुलांची सवय बहुधा वयाबरोबर आपोआप जाते, त्यांना हे इंजेक्शन देत नाहीत.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. वर्षानुवर्षे सुपारी, गुटखा चघळणाऱ्यांचे दात झिजलेले आणि मॅसेटर फुगलेला असतो, त्यामुळे चित्र दात खाण्यासारखेच दिसते. त्यातच तोंड तीन बोटेही उघडत नसेल, गालाची आतली त्वचा पांढरट आणि कडक लागत असेल, तर तो सबम्यूकस फायब्रोसिस असू शकतो. हा रोग स्नायूचा नाही, आतल्या आवरणाचा आहे आणि कर्करोगपूर्व स्थिती मानला जातो. तिथे स्नायू ढिला केल्याने मूळ रोगाला काही होत नाही, निदान मात्र लांबते.

औषध काचेच्या कुपीत पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपात येते आणि २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. १०० युनिटच्या कुपीत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ०.९ टक्के सलाईन २ मिलिलिटर घातले की ०.१ मिलिलिटरमध्ये ५ युनिट येतात; मोजायला हे सोपे. कुपीत निर्वात पोकळी असते, त्यामुळे सलाईन आत ओढले जाते. ओढले गेले नाही तर कुपी टाकून द्यावी. कुपी खळखळून हलवायची नाही, हळू फिरवायची. बोटॉक्सच्या बाबतीत २४ तासांत वापरण्याची सूचना आहे. एका उत्पादनाचे युनिट दुसऱ्याचे नसते: डिस्पोर्टचे साधारण अडीच ते तीन युनिट म्हणजे बोटॉक्सचे एक, तेही अंदाजाने. ‘किती युनिट दिले’ एवढे विचारून भागत नाही, ‘कशाचे’ हेही विचारावे. येथील आकडे बोटॉक्सचे आहेत.

मुख्य लक्ष्य मॅसेटर. दात आवळायला सांगितले की जबड्याच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात लिंबाएवढा गोळा बोटांखाली उभा राहतो. त्याची पुढची व मागची कड पेन्सिलीने आखतात. कानाच्या पाळीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ काढतात. सुई या रेघेखाली, जबड्याच्या हाडाच्या वर आणि दोन्ही कडांपासून साधारण एक सेंटिमीटर आत राहिली पाहिजे. नेहमीची मात्रा एका बाजूला २० ते ३० युनिट, स्नायू फार मोठा असल्यास जास्त. २५ युनिट द्यायचे तर पाच ठिकाणी ०.१ मिलिलिटर. ३० गेजची, म्हणजे अगदी बारीक, सुई काटकोनात आत जाते, हाडाला टेकल्याचे जाणवते, मग केसभर मागे घेऊन औषध हळू सोडतात. कानशिलांतही दुखत असेल तर टेम्पोरॅलिसमध्ये एका बाजूला १० ते २० युनिट विभागून देतात. सगळे काम दहा-पंधरा मिनिटांचे असते. नंतर चार तास आडवे न होणे आणि दिवसभर जागा न चोळणे एवढेच पथ्य. घरी गेल्यावर जबडा तसाच घट्ट असतो. लगेच परिणाम दिसला नाही म्हणून घाबरू नये.

परिणाम आठवड्याभरात जाणवू लागतो, दोन ते चार आठवड्यांत पुरा होतो आणि तीन ते चार महिन्यांनी ओसरतो. चेहऱ्याची रुंदी कमी व्हायला मात्र दोन-तीन महिने लागतात, कारण न वापरलेला स्नायू सावकाश बारीक होतो. या काळात ज्वारीची कडक भाकरी, चिक्की, ऊस, मटणाचा चिवट तुकडा चावताना जबडा लवकर दमतो. वरणभाताला अडचण येत नाही.

बिघाड होतो तो बहुतेक वेळा जागा चुकल्याने. सुई फार पुढे आणि उथळ गेली तर औषध हसू ओढणाऱ्या रिसोरियस स्नायूत जाते आणि हसताना तोंड एका बाजूला कमी खेचले जाते. यावर उतारा नाही. काही आठवडे ते महिने थांबणे एवढेच हाती असते. फार मागे गेल्यास कानाखालची लाळग्रंथी, म्हणजे गालगुंडात सुजते तीच, लागते. रेघेच्या वर टोचले तर गाल बसका दिसतो. मॅसेटरच्या पुढच्या कडेजवळ जबड्यावरून चेहऱ्याची रोहिणी वर जाते; तिथे सुई लागली की निळा डाग पडतो. सर्वांत गमतीदार बिघाड म्हणजे आवळल्यावर गालात अचानक उठणारा फुगा. मॅसेटरच्या आत एक स्नायुबंधाचा पडदा असतो. औषध त्याच्या एकाच बाजूला राहिले तर उरलेला भाग दुसऱ्याचेही काम अंगावर घेतो आणि फुगतो. त्या फुग्यात ५ ते १० युनिट दिले की तो बसतो. वय जास्त आणि त्वचा सैल असेल तर बारीक झालेल्या स्नायूवरून जबड्याकाठची कातडी लोंबते. हे आधी सांगावे, नंतर सांगितले तर ते निमित्त वाटते.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस आणि लॅम्बर्ट-ईटन हे स्नायू दुबळे करणारे विकार, गरोदरपण, स्तनपान, टोचायच्या जागी जंतुसंसर्ग यांत हे इंजेक्शन टाळतात. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी प्रतिजैविके चालू असतील तर परिणाम वाढू शकतो. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, बोलणे जड झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जावे. या मात्रेत असे क्वचितच होते.

दोन वेळांमध्ये किमान १२ आठवडे जाऊ द्यावेत. लवकर आणि वारंवार दिल्यास प्रतिद्रव्ये तयार होऊन औषध लागेनासे होण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या खेपेला स्नायू आधीच आक्रसलेला असल्याने मात्रा बहुधा कमी लागते, म्हणून मागची मात्रा आणि बिंदू लिहून ठेवलेले असणे महत्त्वाचे. प्राण्यांवरील प्रयोगांत जोर कमी झालेल्या जबड्याच्या सांध्याजवळचे हाड विरळ झालेले दिसले. माणसांतले पुरावे एकसारखे नाहीत, तरी वर्षानुवर्षे मोठ्या मात्रा देणे टाळण्याला एवढे कारण पुरे. इंजेक्शन घेतले म्हणून नाईट गार्ड कपाटात टाकायचा नसतो. उरलेल्या जोरातही इनॅमलवर, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य थरावर, इनॅमल घासतेच, आणि झिजलेले इनॅमल परत वाढत नाही.