श्वासनलिकाविस्फार
फुप्फुसातील श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा जीर्ण विकार. डॉक्टरांत ब्राँकिएक्टॅसिस हेच नाव रूढ आहे. रोज पडणारा घट्ट बेडका, वारंवार ताप व छातीतील संसर्ग आणि मधूनच थुंकीतून रक्त ही लक्षणे परिचित आहेत. अस्तरावरील पक्ष्माभिका (कफ वर ढकलणारे केसांसारखे सूक्ष्म तंतू) निकामी झाल्याने कफ वर ढकलला जात नाही. साचलेल्या कफात जंतू वाढतात, दाह होतो आणि नलिकेची भिंत आणखी दुबळी होते. हे दुष्टचक्र १९८० च्या दशकात पीटर कोल यांनी मांडले.

विकाराचे पहिले व्यवस्थित वर्णन सामान्यतः फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांच्या १८१९ मधील ग्रंथातील मानतात. नलिका का रुंदावतात, यावर मात्र मतभेद झाले. लाएनेक यांच्या मते साचलेला कफच नलिका फुगवतो. डब्लिनच्या डॉमिनिक कॉरिगन यांनी १८३८ मध्ये भोवतालचे आक्रसणारे तंतुमय फुप्फुस नलिकेला बाहेरून ओढते, असे सुचवले. क्षयाने आकसलेल्या, फुप्फुसाच्या वरच्या खंडांत कॉरिगन यांचे स्पष्टीकरण बरेच लागू पडते. लहानपणीच्या गोवर किंवा डांग्या खोकल्यानंतरच्या विस्फारात मात्र दाहाने भिंतच नष्ट होणे हे कारण अधिक पटते. तंतुमय फुप्फुसविकारांत केवळ ताणामुळे दिसणारी रुंदी आज सहसा वेगळी धरतात.

सिकार व फॉरेस्टिए यांनी १९२२ मध्ये लिपिओडॉल हे क्ष-किरणांत दिसणारे आयोडीनयुक्त तेल वापरून नलिकांची क्ष-किरण चित्रे मिळवली. लिन रीड यांनी १९५० मध्ये नळीसारखा, गाठाळ आणि पिशवीसारखा असे तीन प्रकार मांडले. ते अजून वापरात आहेत. आता निदान एचआरसीटीवर (बारीक तपशील दाखवणाऱ्या सीटी स्कॅनवर) होते : नलिकेचा आतील व्यास शेजारच्या धमनीहून मोठा दिसतो.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विकाराच्या भारतीय रुग्ण-नोंदवहीत ३१ केंद्रांतील २,१९५ रुग्ण होते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत कारण पूर्वीचा क्षय होते. शिवडीचे क्षयरोग रुग्णालय ज्या शहरात आहे, त्या मुंबईत म्हणूनच हा विकार बहुधा टीबीच्या आडून पुढे येतो. क्षयाचा कोर्स पूर्ण झालेल्या माणसाचा खोकला राहिला की, एक्स-रेवरील जुने डाग पाहून पुन्हा क्षयाचीच औषधे सुरू होण्याचा धोका असतो. बेडक्याची क्षयासाठी आणि इतर जंतूंसाठीही तपासणी झाल्याशिवाय असा निर्णय घेऊ नये. क्षय खरोखर उलटलेलाही असू शकतो. विस्फाराचे कारण म्हणून जुन्या दमेकऱ्यांत अ‍ॅस्परजिलस बुरशीची अ‍ॅलर्जी शोधावी.

उपचारांचा पाया म्हणजे फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज घरी कफ काढणे. औषधांइतकेच याला महत्त्व आहे, पण ओपीडीच्या गर्दीत नेमके हेच शिकवायचे राहते. वारंवार संसर्ग होणाऱ्यांना दीर्घकाळ प्रतिजैविक अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात, त्याआधी क्षयेतर मायकोबॅक्टेरियांचा (क्षयजंतूच्या कुळातील इतर जंतूंचा) संसर्ग नसल्याची खात्री करतात. रक्त फार पडल्यास श्वासनलिकेच्या धमनीचे एम्बोलायझेशन करतात, म्हणजे ती आतून बंद करतात. विकार एकाच खंडापुरता असल्यास क्वचित शस्त्रक्रिया होते. दाह घडवणाऱ्या पांढऱ्या पेशींतील विकरांवर काम करणाऱ्या ब्रेन्सोकॅटिब या औषधाला अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यता मिळाली.