ओपन, क्रिएट आणि क्लोज (युनिक्समधील सिस्टीम कॉल)

युनिक्स आणि त्याच घराण्यातल्या लिनक्स, मॅकओएस यांसारख्या कार्यप्रणालींत कोणत्याही प्रोग्रॅमला डिस्कवरच्या फाइलला थेट हात लावता येत नाही. फाइल उघडायची, नवी तयार करायची वा बंद करायची तर कार्यप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, विनंती करावी लागते. या विनंतीला सिस्टीम कॉल म्हणतात. ओपन, क्रिएट व क्लोज हे त्यांतले सर्वांत जुने कॉल. नोव्हेंबर १९७१ मध्ये बेल प्रयोगशाळेत निघालेल्या युनिक्सच्या पहिल्या नियमपुस्तिकेत तिन्ही आहेत.

ओपनला फाइलचा पाथ, म्हणजे डिरेक्टऱ्यांसकट पूर्ण पत्ता, द्यायचा आणि वाचायचे आहे, लिहायचे आहे की दोन्ही, ते सांगायचे. कर्नेल पाथमधली एकेक डिरेक्टरी ओलांडत फाइलपर्यंत पोचतो, परवानग्या तपासतो आणि सारे ठीक असेल तर एक छोटा पूर्णांक परत करतो. हा फाइल डिस्क्रिप्टर. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर हातात पडणारा बिल्लाच म्हणा ना. पुढचे सगळे वाचन-लेखन या आकड्यावर चालते, नाव पुन्हा कोणी विचारत नाही. या रचनेतली खरी मेख इथे आहे: परवानगीची तपासणी उघडताना एकदाच होते. फाइल उघडून झाल्यावर कोणी तिचे नाव बदलले, परवानगी काढून घेतली, फार काय ती पुसून टाकली, तरी ज्याच्याकडे आकडा आहे त्याचे काम चालूच राहते.

पुसलेल्या फाइलची जागाही शेवटचा डिस्क्रिप्टर बंद होईपर्यंत मोकळी होत नाही. डिस्क भरली म्हणून कोणी घाईने मोठी लॉग फाइल (प्रोग्रॅमच्या नोंदींची फाइल) उडवतो. फाइलींचे आकार मोजणारा डीयू ती मोजत नाही, डिस्कवरची मोकळी जागा सांगणारा डीएफ मात्र डिस्क भरलेलीच दाखवतो. अशा वेळी उघड्या फाइलींची यादी देणारा एलएसओएफ चालवून फाइल कोणी धरून ठेवली आहे ते शोधायचे आणि तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायचा. सर्व्हर सांभाळणाऱ्या बहुतेकांना हा धडा एकदा तरी मिळालेला असतो.

ओपन नेहमी सर्वांत लहान मोकळा आकडा देतो. ०, १ आणि २ हे प्रथेप्रमाणे अनुक्रमे इनपुट, आउटपुट व चुकांचे संदेश यांसाठी आधीच उघडलेले असतात. म्हणून १ बंद करून लगेच एखादी फाइल उघडली की तिला १ हाच आकडा मिळतो आणि पडद्यावर जाणारा मजकूर फाइलमध्ये उतरू लागतो. शेलमधले, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधले, आउटपुट वळवणे मुळात या साध्या युक्तीवर उभे आहे, आणि ज्या प्रोग्रॅमचे आउटपुट वळवले त्याला याचा पत्ताही नसतो.

क्रिएटच्या इंग्रजी स्पेलिंगमधले शेवटचे ई अक्षर गायब आहे. युनिक्स पुन्हा लिहायचे झाले तर काय बदलाल, या प्रश्नावर युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी हे ई जोडण्याचेच उत्तर दिल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. नाव तोकडे असले तरी कॉल धोकादायक आहे, कारण फाइल आधीपासून असेल तर तो तिची लांबी शून्यावर आणतो, मजकूर गेला. सुरुवातीच्या ओपनला नवी फाइल करता येत नसे, म्हणून हा वेगळा कॉल लागला. पुढे ओपनलाच ओ-क्रिएट हा ध्वज (‘नसेल तर तयार कर’ असे सांगणारा पर्याय) आणि परवानग्यांचा तिसरा घटक मिळाला, तेव्हापासून क्रिएट केवळ जुन्या प्रोग्रॅमांसाठी उरला आहे. ओ-क्रिएटसोबत ओ-एक्स्क्ल दिला तर फाइल आधीच असल्यास कॉल फसतो. ‘आहे का’ हे बघणे आणि ‘नसेल तर कर’ या दोन्ही गोष्टी एकाच अखंड पायरीत होतात, त्यामुळे दोन प्रोग्रॅम एकाच वेळी धावले तरी फाइल एकालाच मिळते. एका वेळी एकालाच काम करू देणाऱ्या कुलूप-फाइली यावरच चालतात.

नव्या फाइलसाठी मागितलेल्या परवानग्यांमधून यूमास्कमधले, म्हणजे प्रोग्रॅमच्या ‘या परवानग्या देऊ नका’ अशा यादीतले, बिट गाळले जातात: ०६६६ (सर्वांना वाचणे-लिहिणे) मागितले आणि यूमास्क ०२२ असला तर हाती ०६४४ (मालकाला वाचणे-लिहिणे, बाकीच्यांना फक्त वाचणे) येते. गंमत अशी, की ०४४४ म्हणजे ‘फक्त वाचा’ अशी फाइल तयार करतानाही लिहिण्याजोगा डिस्क्रिप्टर मिळू शकतो. ती बंदी पुढच्या ओपनना लागू होते.

फाइलच्या नावात कर्नेलला दोनच बाइट चालत नाहीत, तिरकी रेघ आणि शून्य मूल्याचा बाइट. बाकी त्याच्या लेखी सगळे सारखे, त्यामुळे देवनागरी नावे बिनदिक्कत चालतात. मात्र लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, हलन्तही वेगळे मोजले जातात, म्हणून ‘महाराष्ट्र’ या शब्दाला ३० बाइट लागतात.

क्लोज आकडा मोकळा करतो, एवढेच. मजकूर डिस्कवर पोचल्याची हमी तो देत नाही. त्यासाठी एफसिंक हा वेगळा कॉल लागतो. क्लोजही अयशस्वी होऊ शकतो, विशेषतः नेटवर्कवरच्या फाइलींबाबत, आणि ते तपासायचा कंटाळा सर्रास केला जातो. पण चूक आली म्हणून लिनक्सवर तो पुन्हा बोलावू नये: आकडा तोवर सुटलेला असतो आणि त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या दुसऱ्या थ्रेडने त्याच आकड्यावर दुसरी फाइल उघडली असेल तर तिचाच बळी जातो. प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, संपली की कर्नेल तिचे सगळे डिस्क्रिप्टर स्वतः बंद करतो, म्हणून छोट्या प्रोग्रॅमांतला विसरभोळेपणा खपून जातो. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरमध्ये मात्र, लिनक्सवर सहसा १०२४ असलेली डिस्क्रिप्टरांची मर्यादा एक दिवस भरते आणि नवी फाइल उघडेनाशी होते.

विंडोजमध्ये क्रिएटफाइल हा कॉल असलेली फाइलही उघडतो, म्हणजे युनिक्सच्या बरोबर उलटा नामकरणविधी. तिथे उघडतानाच इतरांना वाचू, लिहू वा पुसू द्यायचे का तेही ठरवले जाते. पुसू पाहणाऱ्याला ‘फाइल वापरात आहे’ असे उत्तर मिळते ते यामुळे.