समुद्राकाठच्या जुन्या घरात कुलसंमेलन भरवायचंय? परवानग्या, पात्रता आणि कागदपत्रं

मालवण, देवगड, वेंगुर्ले भागातली जांभ्या दगडाची जुनी कौलारू घरं आता पाहुण्यांना मुक्कामाला मिळू लागली आहेत. साहजिकच कुलसंमेलन मंगल कार्यालयाऐवजी अशा घरात घ्यावं, असं अनेक घराण्यांना वाटतं. मलाही तेच योग्य वाटतं. ज्या किनाऱ्यावरून आपले पूर्वज मुंबई-पुण्याकडे निघाले, तिथेच चार पिढ्या एकत्र बसल्या की वंशावळीतली नावं नुसती नावं राहत नाहीत. आमच्या संमेलनाला शंभरावर माणसं जमली होती. त्या तयारीत कळलं, की घरमालकाने होकार दिला म्हणजे सगळी परवानगी मिळाली असं होत नाही. घर मालकाचं, आवाज पोलिसांच्या अखत्यारीत, पुळण (वाळूचा किनारा) सरकारची आणि किल्ला केंद्राचा. त्यामुळे आधी कार्यक्रमपत्रिका पक्की करा आणि प्रत्येक कार्यक्रमापुढे तो नेमका कुठल्या जागेत होणार ते लिहा. कुठल्या दारात अर्ज न्यायचा, हे त्यावरूनच ठरतं.

अर्ज कोणी करायचा? कुठलीही सज्ञान व्यक्ती करू शकते. नोंदणीकृत कुलमंडळ असेल तर अर्ज मंडळाच्या नावाने करावा आणि सोबत नोंदणी प्रमाणपत्र व कार्यकारिणीच्या ठरावाची प्रत जोडावी. मंडळ नसेल तर एकाच जबाबदार माणसाच्या नावाने सगळे अर्ज करा. एका अर्जावर काका, दुसऱ्यावर पुतण्या असं झालं तर हमीपत्र नक्की कोणाचं, हा प्रश्न प्रत्येक टेबलावर उभा राहतो. जमल्यास हा माणूस स्थानिक असावा, कारण ऐनवेळी बोलावणं आलं तर मुंबईहून पोचता येत नाही.

आधी मुक्कामाचं घर तपासून घ्या. पर्यटन संचालनालयाकडे निवास व न्याहारी योजनेत किंवा अन्य प्रकारात त्याची नोंदणी आहे का, आणि असल्यास किती खोल्यांची, ते विचारा. मालकाकडून तारखा, माणसांची अंदाजे संख्या आणि वापरायच्या जागा (ओटी, पडवी, खळं म्हणजे अंगण, वाडी) नमूद केलेलं लेखी संमतीपत्र घ्या, सोबत घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा घराचा उतारा. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखलाही याच वेळी मागून ठेवा, पुढे तो बहुतेक ठिकाणी लागतो. घर जुनं आहे म्हणून ते संरक्षित स्मारक ठरत नाही. पण एखादी वास्तू राज्य किंवा केंद्राच्या संरक्षित यादीत असेल, तर तिथे मालकाची संमती पुरेशी नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज आवाजाबद्दल असतात. ध्वनिक्षेपकाला पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते. अर्जात कार्यक्रमाचं ठिकाण, तारीख, वेळ आणि ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्याचा तपशील द्यायचा. सोबत अर्जदाराचं ओळखपत्र, मालकाचं संमतीपत्र आणि ग्रामपंचायतीचा दाखला. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, रुग्णालय आणि न्यायालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरलं जातं.

आता दशावताराचं. सिंधुदुर्गात संमेलन आणि दशावतार नाही, हे मनाला पटत नाही. पण आपल्याकडे खेळ रंगतो तो मध्यरात्रीनंतर. मग कोणीतरी तोडगा सुचवतं, की माईक काढून टाकू. तेवढ्याने भागत नाही. नियमात ध्वनिक्षेपकाबरोबर वाद्यांचाही उल्लेख आहे, म्हणजे उघड्यावर पखवाज आणि झांज हेही त्यात आले. सूट आहे ती बंदिस्त सभागृहासारख्या जागेला. मांडव घातलेलं खळं बंदिस्त मानलं जात नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी रात्री १२ पर्यंतची मुभा वर्षात जास्तीत जास्त १५ दिवसांना मिळते आणि ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. आपली तारीख त्यात बसली तर उत्तमच. नाहीतर दशावताराच्या मंडळीशी आधी बोलून संध्याकाळी लवकर पडदा उघडायचा. आम्ही तसंच केलं. मुलं शेवटपर्यंत जागी राहिली आणि खेळातल्या संकासुर राक्षसाला घाबरून आजीच्या पदरात शिरली, हे रात्री दोनला झालं नसतं.

ध्वनिमुद्रित गाण्यांचा मुद्दा वेगळा. कॉपीराइट कायद्यात धार्मिक विधी आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे. कुलस्वामिनीची पूजा आणि आरती त्यात येईल, पण रात्रीच्या करमणुकीत वाजणारी चित्रपटगीतं त्यात धरता येणार नाहीत. त्यासाठी हक्कधारक संस्थांचा परवाना लागतो. वाद्यवृंद ठरवताना तो कोण काढणार, हे लेखी घ्या.

किल्ल्याबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचंय. मालवणला उतरलेली मंडळी सिंधुदुर्गावर जाणारच, देवगडची विजयदुर्गावर. दोन्ही किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत आणि जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या १२ किल्ल्यांपैकी म्हणून जागतिक वारसा यादीत गेले आहेत. नेहमीसारखं दर्शन घेऊन, किल्ला पाहून यायला वेगळी परवानगी नको. पण तिथे सभा, सत्कार, मेजवानी किंवा करमणुकीचा कार्यक्रम करायचा तर प्राचीन स्मारकांच्या १९५९ च्या नियमांतल्या सातव्या नियमानुसार केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते. रूढ धार्मिक प्रथेला त्यातून वगळलंय. मात्र आपल्या घराण्याचा ज्येष्ठ नागरिक सत्कार ही रूढ धार्मिक प्रथा नव्हे. अर्ज पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे, बराच आधी द्या. माझं प्रामाणिक मत विचाराल तर सत्कार घराच्या खळ्यातच करा आणि सिंधुदुर्गावर शिवराजेश्वराच्या (शिवाजी महाराजांच्या) मंदिरात फक्त माथा टेकवायला जा. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. मुक्कामाचं घर तटाला लागून असेल तर जेवणासाठी पक्का ओटा किंवा शेड बांधून घेण्याचा विचारही नको.

होडीतून जाताना होडीचा परवाना, त्यावरची माणसांची मर्यादा आणि प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट मिळतंय ना, हे स्वतः पाहा. मेअखेरीला पावसाळ्यासाठी ही वाहतूक बंद होते, तेव्हा मे महिन्यातलं संमेलन शेवटच्या आठवड्यात ढकलू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारीही बंद असते. जूनमध्ये ताटात ताजा सुरमई-पापलेट असेल, असं पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलंत तर पंचाईत होईल.

पुळणीवर मांडव, मंच किंवा दिव्यांची आरास करायची तर तहसील कार्यालयात चौकशी करा. बंदर हद्द असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडेही. किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेतच. पण नोव्हेंबर ते मे या काळात कासवांच्या विणीचे किनारे असतील, तर परवानगी मिळत असली तरी रात्रीचे प्रखर दिवे लावू नका. अंड्यातून निघालेली पिल्लं समुद्राच्या उजेडाकडे जातात. आपल्या दिव्यांनी ती उलट वाडीकडे वळतात.

जेवण बचत गटाकडे द्या वा आचाऱ्याकडे, अन्नसुरक्षा नोंदणी प्रमाणपत्राची प्रत घ्या. घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर अशा कामाला चालत नाही, व्यावसायिक वापराचाच (उदा. १९ किलोचा) हवा. मंचाचे दिवे घराच्या जोडणीवर ओढण्यापेक्षा महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज करा.

मद्य ठेवणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना हवा. बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकी मद्यासाठी २५. गोव्यात विक्रीसाठी असलेल्या बाटल्या इकडे आणणं गुन्हा आहे आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. भावकीत कोणी तसं सुचवलं तर तिथेच थांबवा.

परदेशी पासपोर्टवर येणाऱ्या नातलगांची नोंद मुक्काम देणाऱ्याला २४ तासांत ऑनलाइन करावी लागते. त्यांच्या पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती आधीच मागवून घरमालकाला द्या.

तारखेच्या आठवडाभर आधी पोलीस ठाण्यात एकदा जाऊन या. सणावारी किंवा निवडणुकीच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी आदेश निघतात. त्यात आपला कार्यक्रम कसा बसतो, हे तिथेच स्पष्ट होतं. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. मूळ परवाने एका फाइलमध्ये घालून ती फाइल कार्यक्रमाच्या दिवशी स्वागताच्या टेबलावर बसणाऱ्याकडे द्या, मंचावर बसलेल्या अध्यक्षांकडे नको.