तांब्याच्या जुन्या मळीचा नमुना पाठवताय? कृपया धुऊ नका

आमच्या प्रयोगशाळेत येणारे मळीचे, म्हणजे खनिजातून तांबं गाळताना वेगळ्या होणाऱ्या टाकाऊ भागाचे, बरेचसे नमुने घासूनपुसून लख्ख केलेले असतात. पाठवणाऱ्याने ते आस्थेनेच केलेलं असतं, पण पाकीट उघडताना जीव हळहळतो, कारण काळ ठरवणारा पुरावा मातीबरोबर वाहून गेलेला असतो.

इस्रायलमधल्या तिम्ना खोऱ्यात 1969 मध्ये इजिप्शियन देऊळ सापडलं आणि तिथलं तांबं गाळण्याचं काम इ.स.पू. 13व्या-12व्या शतकातलं धरलं गेलं. 2013 मध्ये 'गुलामांची टेकडी' या जागी मळीच्या ढिगात मजुरांनी खाऊन टाकलेल्या खजुराच्या बिया मिळाल्या. कार्बन-14 चाचणीत, म्हणजे एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूतल्या कार्बनवरून तिचं वय काढणाऱ्या चाचणीत, त्यांचा काळ निघाला इ.स.पू. 10वं शतक! म्हणून मळीला चिकटलेला कोळशाचा कण, बी, राख, काहीही काढू नका. सुटा झालेला कोळसा अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये वेगळा गुंडाळा. कागद किंवा कापूस नको, त्यांच्यातही कार्बन असतो.

तांबं 1085 अंश सेल्सिअसला वितळतं, पण खनिजातला दगड वेगळा करायला भट्टी 1200 अंशांच्या आसपास न्यावी लागते. तेव्हा लोह आणि सिलिका एकत्र येऊन पातळ मळी होते आणि जड तांबं तळाशी बसतं. तुकड्यावर काकवी सांडून थिजल्यासारख्या वळ्या दिसल्या, तर ती मळी वितळलेली असतानाच भट्टीबाहेर वाहू दिलेली असते. तुकडा कापून, झिलई देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की राखाडी सुयांसारखे स्फटिक दिसतात आणि त्यांच्यामध्ये अडकलेला गुलाबीसर तांब्याचा थेंब. तो थेंब दिसला की आजही आमचं काम क्षणभर थांबतं.

नुसत्या डोळ्यांनी मात्र फसायला होतं. उदयपूरजवळच्या आहाडची मळी तांब्याची, नागपूरजवळच्या नायकुंडची लोखंडाची. दोन्हींकडे काळे, जड गोळेच. फरक कळतो क्ष-किरण चाचणीतून, तांब्याच्या प्रमाणावरून.

'हे तांबं कुठल्या खाणीतलं?' हे सगळेच विचारतात. त्यासाठी शिशाच्या समस्थानिकांची, म्हणजे तांब्यातल्या शिशाच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं प्रमाण मोजणारी, चाचणी आम्ही बाहेरून करून घेतो. अमुक खाणीतलं नाही, हे त्यावरून बऱ्याच खात्रीने सांगता येतं. आहे, असं आम्ही सहसा लिहून देत नाही, कारण दोन खाणींच्या खुणा सारख्या असू शकतात आणि जुनी भांडी वितळवून धातूची सरमिसळही होत असे.

मुठीएवढा तुकडा पुरे. जागा, जमिनीखालची खोली आणि उचलण्यापूर्वीचा फोटो सोबत द्या. संरक्षित स्थळावरचा नमुना पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही घेत नाही. चाचणीसाठी कापलेला भाग सोडून बाकीचा नमुना अहवालासोबत परत मिळेल.